शेऱ्याचा रकाना

गोणपाटावर चार पिस्तुलं, ओळीनं.
तीन नवी, खोक्यातून कालच निघालेली.
चौथं आपलं जुनं. त्याच्या मुठीची नक्षी झिजून
चिंचोक्यासारखी गुळगुळीत झालेली.
नियम म्हणतो, तुलनेला जुनं शेजारी हवं.

बत्तीस वर्षं शस्त्रागारात गेली.
मी हत्यार पाहतो बैलबाजारातल्यासारखं,
आधी दात, मग चाल.
किंमत आपल्याला विचारत नाहीत.

कोसमटोल्याच्या मागं, पडीक बांधीत रेंज.
मातीचा बुरूज, त्यावर येणीची दोन झाडं,
पंचवीस मीटरवर कागदाचा माणूस, बिनचेहऱ्याचा.
पहिला दिवस कोरडा गेला.
दुसऱ्या दिवशी वैनगंगेची रेती ओतली,
तिसऱ्या दिवशी बांधीतला चिखल,
जो वाळला की विटेला लाजवतो.

ट्रिगरचं वजन मोजायचं यंत्र
नागपूरहून निघालंय, असं तीन आठवडे कळतंय.
म्हणून मोहफुलाच्या व्यापाऱ्याकडून, पितांबर सहारेकडून,
लोंबता काटा आणला.
आकड्यात ट्रिगर अडकवला, हळू ओढला, टक् झालं की वाचलं.
एक नंबर तीन किलो. दोन नंबर अडीच.
तीन नंबर दोन किलो आठशे,
आणि तेही लोण्यातून सुरी जावी तसं.

प्रत्येकी सहाशे गोळ्या.
एक नंबर दोनदा अडकलं.
दोन नंबरनं चिखल गिळला आणि बसूनच राहिलं
रुसलेल्या जावयासारखं.
तीन नंबर? रेतीत चाललं, चिखलात चाललं,
छातीइतक्या उंचीवरून फरशीवर टाकलं,
उचललं, चाललं.
जुन्याबद्दल लिहीत नाही. त्याचं माझं घरचं आहे.

बेरीज झाली. तीन नंबर पुढे, अठरा गुणांनी.
सही करणार, तेवढ्यात म्हटलं, सोनबत्तीलाही देऊन पाहू.
सोनबत्ती उसेंडी, शिपाई, उंची पाच फूट एक,
नेमबाजीत कंपनीत दुसरी.
तीन नंबर तिनं धरलं.
गोळी गेली, आणि मूठ तळहातात फिरली.
दुसरी गेली, पुन्हा फिरली.
मुठीमागची पट्टी बदलली, सगळ्यात बारकी लावली,
तरी अंगठ्याच्या बुडाशी एक बोट फट.
कागदाच्या माणसाच्या कानाजवळून
सगळ्या गोळ्या येणीच्या झाडाला.

मग एक नंबर दिलं.
दहातल्या नऊ काळजात.
दहावी अडकली. तिनं मॅगझिन ओढलं, स्लाइड झटकली,
पुन्हा भरलं, मारलं,
मी घड्याळ बघेपर्यंत संपलं होतं सगळं.

"कोणतं घेशील?"
"एक नंबर."
"अडकते ना ते."
"अडकलं तर काढता येते मले.
हात थोडीच वाढते जी."

फॉर्मवर छापलंय: फुल साइज, सेवेकरिता.
फुल कोणाच्या मापानं, त्याला रकाना नाही.
शेऱ्याला जागा दोन बोटं.
आधी लिहिलं, "लहान हस्तमापाच्या कर्मचाऱ्यांबाबत
पकडीची सुयोग्यता विचाराधीन असावी."
वाचलं. मलाच झोप आली.
खोडलं, आणि तिचं वाक्य लिहिलं, होतं तसं,
"जी" सकट.

संध्याकाळी काटा परत द्यायला गेलो.
पितांबर म्हणाला, "काय तोललं, साहेब?"
"बोट," म्हटलं.
हसला. काटा खुंटीला अडकवला.
रिकामा काटा, आणि सुई शून्याच्या खाली,
दोनशेवर, निवांत.

"हे काय?"
"तो असाच आहे जी, पहिल्यापासून. गावाले ठाऊक आहे."

कंदिलाच्या उजेडात पुन्हा फॉर्म काढला.
तीनचे दोन आठशे, अडीचचे दोन तीनशे,
सगळे आकडे दोनशेनं खाली.
खोडाखोड एवढी, की वरचे लोक म्हणतील
म्हातारा पिऊन बसला होता.
शेऱ्याच्या ओळीला हात लावला नाही.
ती काट्यावर घातलेली नव्हती.